गणपतरावांचा गालिचा

परवा डोणगावात गरम डांबराचा वास आला आणि मला ती वरात आठवली. मी तेव्हा रस्त्याच्या कामावर सुपरवायझर होतो. जुन्या रस्त्याच्या भेगा नव्या थरातून वर येऊ नयेत म्हणून आम्ही डांबर फवारून त्यावर जाड काळं कापड अंथरत होतो. तेवढ्यात गावातल्या गणपतरावांच्या मुलीची, सुमनची वरात आली.

"काऊन हो साहेब, हे काय अंथरून राह्यले?" नवरदेवाच्या मामानं विचारलं.

"गालिचा! नवरीच्या बापानं मागवला," मी गमतीनं म्हणालो.

बँडवाले चेकाळले. नवरदेव घोड्यावरून उतरला आणि सुमनचा हात धरून त्या कापडावरून ऐटीत चालला. खडी टाकणाऱ्या बायांनी टाळ्या वाजवल्या. गणपतराव मात्र गावात कायमचे 'गालिचेवाले' झाले. पोरीच्या लग्नात पैसा उधळला, असं लोक बोलत राहिले आणि मी गप्प बसलो.

परवा त्यांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. हे लिहून गावालाही सांगतो म्हणालो. म्हातारा खो खो हसला.

"सुमनच्या नव्या चपला डांबराले चिकटल्या, तवाच समजलं मले. पण आख्ख्या गावात गालिचेवाला मी एकटाच आहो! लिहा तुम्ही खुशाल. कोणी मानते का पाहा."