पलट म्हणजे पान पलटा नव्हे

नसरीनच्या तव्यावर चौथी रोटी फुगत होती आणि इम्तियाज तोंडात ब्रश धरून घरभर आपला टेस्टर शोधत होता.

"फ्रिज के ऊपर देखो," ती म्हणाली.

"देखा."

"तो नीचे देखो. ऊपर की चीज नीचेच गिरती."

टेस्टर सापडला नाही, पण दाराची कडी वाजली. एवढ्या सकाळी कडी वाजली की कुणाच्या तरी विहिरीतली मोटार जळालेली असायची. ढाणकीत मोटार भरायचं, म्हणजे जळालेली तार काढून नवी बसवायचं काम इम्तियाजकडे, ही पाटी दुकानावर होती. मोटारीच्या पोटातली तांब्याची कॉइल मात्र अठरा वर्षं घरात बसून नसरीन गुंडाळत होती, हे पाटीवर नव्हतं. गावाला ते ठाऊक होतं.

दारात ऋतिक उभा होता. पाणी योजनेचे पंप दुरुस्त करायचं कंत्राट ज्या कंपनीकडे होतं, तिच्या ऑफिसात तो कम्प्युटरवर बसायचा. हातात लिफाफा होता, आणि तो आत यायला तयार नव्हता.

"चाची, माह्यावर चिडू नका. मी फक्त कागद देऊन राह्यलो."

"मंग चिडण्यासारखं काही आहे म्हण की त्यात. ये, चहा घे."

कागद छापील होता. फुलसावंगीजवळच्या एका वस्तीचा पंप दुरुस्तीनंतर दुसऱ्याच दिवशी पुन्हा जळाला. मोटारीची माहिती नसरीन इम्तियाज यांनी पुरवली होती, ती सदोष निघाली. तीन दिवसांत खुलासा करावा, अन्यथा नाव कारागिरांच्या यादीतून वगळण्यात येईल.

नसरीननं गॅस बंद केला. तिनं तो कागद दोनदा वाचला. 'सदोष' या शब्दावर तिचं बोट थांबून राहिलं. काम कमी मिळालं असतं तर ती गप्प बसली असती. पण तिच्या हातानं लिहिलेली ओळ खोटी, असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

ती ओळ म्हणजे काय, हे सांगायला हवं. लग्नानंतर पहिली दोन-तीन वर्षं इम्तियाज दुकानातून फोनवर ओरडून सांगायचा, मोठी कॉइल इतक्या फेऱ्यांची, धाकटी इतक्या, आणि ही घरी काहीतरी भलतंच गुंडाळून ठेवायची. एकदा तर अख्खी मोटार फुकट गेली. त्या दिवशी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं आणि रात्री नसरीननं वहीत एक ओळ आखली. पहिला आकडा मोटारीच्या खाचांचा, दुसरा तारेच्या जाडीचा. मग कॉइलचे फेरे, मोठीपासून धाकटीपर्यंत, मध्ये छोटी रेघ देऊन, आणि शेवटी मोटार सुरू करून देणाऱ्या 'स्टार्टर' कॉइलचे. पुढे दर चुकीला एक नियम वाढला. मोटारीत कॉइलच्या टोळ्या असतात, आणि एक टोळी सुलटी भरली की दुसरी उलटी भरावी लागते, नाहीतर मोटार फिरत नाही, जागेवर घूं घूं करत तापते आणि जळते. या उलट्या टोळीला काय लिहावं, याचा विचार ती तव्याशी उभी असताना करत होती. उलथण्यानं रोटी फिरवता फिरवता शब्द सापडला, आणि तिनं वहीत लिहिला, 'पलट'.

फुलसावंगीकडच्या त्या मोटारीची ओळ तिला पाठ होती:

खाच २४, तार २२, ४८-४४-३६-२४ पलट ४८-४४-३६-२४, स्टार्टर ६०-४० पलट ६०-४०.

एवढंच. गेल्या वर्षी कंपनीनं तालुक्यातल्या सगळ्या कारागिरांकडून मोटारींची माहिती मागवली, म्हणजे कुठलीही मोटार कुठेही भरता येईल. नसरीननं वहीतल्या एकशे चाळीस ओळी सुवाच्य अक्षरात उतरवून दिल्या होत्या.

"दाखव," ती ऋतिकला म्हणाली. "माह्यी ओळ तुमच्याकडे कशी दिसते ते दाखव."

ऋतिकनं मोबाइलवर शीट उघडलं. तीन रकाने होते: बाब, मूल्य, शेरा. तेच शीट हातपंपाला, तेच टाकीच्या झाकणाला, तेच ऑफिसातल्या खुर्च्यांना. बाब: खाच, मूल्य: २४. बाब: कॉइल, मूल्य: ४८. बाब: कॉइल, मूल्य: ४४. असंच खाली. मग बाब: स्टार्टर. कॉइल चारच होत्या, स्टार्टर दोनच.

"बाकीच्या सहा कुठे गेल्या?"

"सारख्या ओळी आल्या की कम्प्युटर एकच ठेवते चाची, बाकीच्या काढून टाकते. डुप्लिकेट म्हणते त्याले."

"डुप्लिकेट!" नसरीनचा आवाज चढला तसा इम्तियाज ब्रश हातात घेऊन बाहेर आला. "तुह्ये दोन कान सारखेच आहेत ना रे? मंग एक काढून टाकू का?"

ऋतिक हसला आणि लगेच हसू आवरलं.

"आन् पलट? माह्या पलटचं काय केलं?"

आता ऋतिकनं चहाचा कप उचलला, रिकामा होता तरी तोंडाला लावला. "चाची, खरं सांगू? मले वाटलं, पान पलटा."

"काय?"

"म्हणजे खाली लिहितात ना, कृपया पान पलटा. म्या पलटलं. मागं कोरं होतं. दर ओळीले पलटून पाह्यलं, सगळीकडं कोरंच. मंग म्या तो शब्द सोडून देल्ला."

इम्तियाज एवढा हसला की पेस्टचा फेस शर्टावर आला. "एक सौ चालीस बार पलटाया बेचारे ने!"

"हसू नका तुम्ही," नसरीन त्याच्यावर उखडली. "त्या वस्तीतल्या बाया आठ दिवसांपासून दुसऱ्याच्या शेतातून पाणी आणून राह्यल्या. हसायचं काय त्यात?" मग ऋतिककडे वळून, "अन् तू मले एक फोन काहून नाई केला? अर्धा फर्लांग नाही तुह्यं घर."

"विचारायची पद्धत नाही ना चाची. शीटमध्ये बसलं ते भरायचं, नाही बसलं ते शेऱ्यात. अन् शेरा प्रिंटमध्ये येत नाही."

प्रिंट गेली दुसऱ्या तालुक्यातल्या वर्कशॉपमध्ये. तिथल्या माणसाला हुकूम होता, शीटमध्ये आहे तसंच भरायचं. त्यानं सुलटी टोळी भरली, अर्ध्या खाचा रिकाम्या दिसल्या, तर तेच पुन्हा तसंच भरून टाकलं. सुलटं, दोन्हीकडे. त्याचं तरी काय चुकलं? चुकलं त्याचं, ज्यानं मोटार आणि खुर्ची एकाच कागदावर आणून बसवली. आणि नोटीस आली नसरीनला!

तिनं हात पुसले, वही काढली आणि ऋतिकसमोर ठेवली. "मोज. या ओळीत फेऱ्यांचे आकडे किती?"

"बारा."

"एक कॉइल दोन खाचा भरते. बारा दुणे?"

"चोवीस."

"पहिला आकडा काय आहे?"

"चोवीस." ऋतिक थांबला. शीटकडे बघितलं, पुन्हा मोजलं. "इथं सहाच आहे. म्हणजे बारा. जुळत नाही हे."

"तुह्या शीटनं सांगितलं का तुले, जुळत नाही म्हणून?"

"नाही. शीट काहीबी घेते. परवा म्या तारेच्या जागी गावाचं नाव टाकलं चुकून, तेबी घेतलं."

"माह्यी ओळ घेत नाही. एक आकडा हुकला तर ओळ स्वतः सांगते, मी खोटी आहे म्हणून. अन् सदोष कोण? मी!"

ऋतिकनं पुढची ओळ स्वतः वाचायला घेतली. पलट आला तिथं बोट उलटं फिरवून दाखवलं. तिसरी ओळ त्यानं न विचारता वाचली, आणि एका ठिकाणी अडला. "चाची, इथं दोन पलट लागून आहेत."

नसरीननं वाकून पाहिलं. तिथं लिहिताना तिचीच चूक झाली होती. तिनं ती कबूल केली, खोडली. "पाह्य, सापडली ना? तुले शिकायले चहा थंडा व्हायइतका वेळबी नाही लागला. तुह्या कम्प्युटरले किती लागंन?"

ऋतिक ओशाळून म्हणाला, "नियम पाचच तर आहेत. लिहून देल्ले तर वाचंन तो. पण मॅडम म्हणतात, सगळ्यांसाठी नमुना एकच पाहिजे."

"लाव मॅडमले फोन."

ऑफिसच्या प्रमुख अर्पिता मॅडम. ऋतिकनं घाबरत स्पीकर लावला आणि जमेल तसं सांगितलं, पान पलटण्यासकट. मग मॅडम म्हणाल्या, आवाजात चीड नव्हती, "नसरीनताई, तुमचं बरोबर असेल. पण उद्या सुतार येईल, गवंडी येईल, प्रत्येक जण म्हणेल माझी वेगळी भाषा. प्रत्येकासाठी वेगळं काही केलं तर आम्ही चालवायचं कसं?"

"मॅडम, सुताराला विचारा. त्याची असेलच," नसरीन म्हणाली. मॅडमशी बोलताना ती शाळेतलं मराठी काढायची, पण रागात ते टिकत नव्हतं. "त्यानं ती शौक म्हणून नाही केली. चुका खाऊन खाऊन केली. तुमचा नमुना एकच आहे, कारण त्याले मोटार म्हणजे काय तेच मालूम नाही. ज्याले काहीच मालूम नाही तो सगळ्याले चालते. अन् तो चुकला की नाव माह्यं खराब."

"मग तुमचं म्हणणं काय? नोटीस मागे घ्यायची का?"

इम्तियाजनं खूण केली, हो म्हण. नसरीननं त्याच्याकडे पाहिलं नाही.

"नोटिशीचं तुम्ही पाहा. मले एवढंच पाहिजे. मोटारीच्या कागदावर एक लांब रकाना ठेवा. माह्यी ओळ त्यात मी लिहिली तशीच्या तशी राहू द्या, त्याच क्रमानं, पलटसकट. अन् ती प्रिंटमध्ये येऊ द्या."