वहीत न लिहिलेले सात मार

माझ्या भाच्याला अख्खं कॉलेज ‘भिंत’ म्हणायचं. तो गोलपोस्टसमोर उभा राहिला की चेंडू आत जाणं मुश्कील. मी त्याचा सख्खा मामा आणि त्याच संघाचा प्रथमोपचारवाला. बर्फ, पट्ट्या, मलम आणि एक कार्ड, एवढाच माझा मैदानावरचा संसार.

कुणाच्या डोक्याला मार बसला की ते कार्ड काढायचं. पाच शब्द वाचून दाखवायचे आणि थोड्या वेळाने विचारायचे. आठवले नाहीत तर खेळाडू बाहेर. कार्ड वर्षानुवर्षं तेच: बटण, बादली, कात्री, चमचा, दोरी. भाचा म्हणाला, "मामा, एकदा बाहेर बसलो की जागा गेली." म्हणून मी ते शब्द त्याच्याकडून घरी जेवताना घोकून घेतले. बहीण विचारायची, "हा कुठला अभ्यास?" आम्ही दोघं गालातल्या गालात हसायचो. केवढी अक्कल पाजळली होती मी!

पुढे तो कधी खांबावर आपटला, कधी कुणाच्या गुडघ्यावर. उभं राहताना तोल जायचा, पण शब्द मात्र घडाघडा. मी हात वर करायचो, खेळू द्या. संघाच्या दुखापतींच्या वहीत लिहायचो, ‘किरकोळ’.

आज तो शेवटच्या वर्षाला आहे, म्हणजे नावापुरता. अवघड गणितं तोंडी सोडवणारं पोरगं दुकानातून येताना स्वतःची गल्ली चुकतं. मिक्सर लावला की कान दाबून ओरडतं. ब्रश हातात धरून आरशासमोर नुसतं उभं राहतं.

काल मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "डोक्याला किती वेळा मार बसला होता?"

भाच्याला काही आठवेना. बहिणीने विश्वासाने माझी वही पुढे केली. "यात सगळं आहे. माझा भाऊच होता ना तिथे."

बाईंनी पानं उलटली. "मोठं काहीच दिसत नाही. मग कारण दुसरंच असेल. त्या दिशेने औषधं सुरू करू."

"सात वेळा," मी म्हणालो. "दोनदा तर शुद्ध हरपली होती. मी नुसतं ‘किरकोळ’ लिहिलं, डोक्याचा मार लिहिलाच नाही. उत्तरंही मीच पाठ करून घेतली होती."

बहिणीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. भाचाच घाईघाईने बोलला, "मामाला रागावू नका, डॉक्टर. दर वेळी सगळ्यात आधी तोच धावत यायचा."