कुंपणावरच्या बादल्या

बादलीवाल्याला वाईट म्हणायची कुणाची छाती नव्हती, आणि खरी पंचाईत तीच. मालकाच्या नारळबागेत तो बारा वर्षं बादल्या टांगत होता. वरच्या कडेला भोकं पाडलेली बादली, बाहेरून गोणपाट, आत साबणाचं पाणी, केळ्याच्या साली आणि झाकणाखाली गंधाची पुडी. सोंड्या भुंग्याच्या नराला चांगलं झाड सापडलं की तो असाच गंध सोडतो आणि नर-माद्या, सगळं गणगोत गोळा करतो. पुडीत तोच गंध, माणसानं बनवलेला. भुंगा येतो, बुडतो. पण सगळेच कुठले बुडायला? कित्येक बादलीपर्यंत येतात आणि शेजारच्या झाडात शिरतात. हे बादलीवाल्याइतकं पक्कं कुणालाच ठाऊक नव्हतं.

कुंपणापलीकडे त्याच्या धाकट्या बहिणीची एकवीस झाडं होती. नवरा गेल्यापासून तिचं पोट त्यांच्यावरच. एके दिवशी मालकानं फर्मावलं, बागेतल्या सगळ्या बादल्या काढ आणि त्या कुंपणावर लाव. पलीकडे बहिणीची झाडं आहेत, एवढं तो कसंबसं बोलला. मालक हसला.

"भुंगे बादलीतच पडतात ना? मग तिचंही भलंच की."

वर बागेतल्या दोन खोल्या कायमच्या तुला, असंही म्हणाला. झालं, बादलीवाल्यानं मान हलवली. नाही म्हणायला काय जात होतं मेल्याचं! पण बायको बारा वर्षं गळक्या पत्र्याखाली त्याच्या नावानं बोटं मोडत होती.

बहीण हरखली. भाऊ असावा तर असा, माझ्या कुंपणाला दहा बादल्या लावल्यात, असं ज्याला त्याला सांगत सुटली. पाणी आटलं की स्वतः कळशीनं भरायची. मेलेले भुंगे मोजायची आणि खुशीत त्याला आकडा सांगायची. तो चहा पीत ऐकून घ्यायचा. एकदा ती आत गेलेली बघून त्यानं कुंपणालगतच्या खोडाला कान लावला. आत अळ्या कुरतडत होत्या. कप धुऊन ठेवून तो घरी गेला.

वर्षभरात एकेक शेंडा कलंडला. बाहेरून धडधाकट झाड, आत नुसता भुसा. एकविसातली सहा उरली. मालकाची बाग मात्र हिरवीगार. आणि तळपायाची आग मस्तकात जाते ती इथं. बहीण त्याच्यापुढे ढसाढसा रडली आणि वर तिनं आभारही त्याचेच मानले.

"दादा, तू होतास म्हणून एवढी तरी वाचली."

खरं काय ते त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण सांगितलं तर ती विचारणार, तुला कधीपासून ठाऊक होतं? त्या प्रश्नापेक्षा त्याला तिची झाडं गेलेली परवडली.

"दाराशी पण एक लाव ना," ती डोळे पुसत म्हणाली. "आता या सहांवरच माझं सगळं."

त्यानं बादली आणली आणि दारातल्या झाडाला टांगली. पाणी तिनंच ओतलं, साली तिनंच टाकल्या. पुडी फाटेना, तेव्हा तिनं ती दातांनी फाडली आणि नाकाशी धरली.

"दादा, याला तर वासच नाही रे."

"आपल्याला नाही येत," तो म्हणाला, आणि तिच्या हातातून पुडी घेऊन झाकणाला अडकवली.