मिरजेची गाडी आणि माझा पाना

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. शेवटाला जमेल का, सांगता येत नाही. मला तर अजून जमलेलं नाही.

आमचा विलास फौजेत. बदलीच्या ठिकाणी जाताना त्याची रेल्वे मिरजेत थोडा वेळ थांबणार होती. तेवढ्यात त्याला फलाटावर गाठायचं आणि त्याची तान्ही लेक पहिल्यांदा त्याच्या हातात द्यायची. ती जन्मली तेव्हा रजा मिळाली नव्हती. बापानं पोरगी बघितली ती फक्त मोबाइलवर.

सकाळी सून सुरेखा गाडीत बसली. कवठे महांकाळहून मिरज काही लांब नाही. चावी फिरवली. इंजिन खोकलं, धरल्यासारखं केलं आणि गप्प.

"आत्या, मेकॅनिकला फोन लावू का?"

"कशाला? मी मेली का काय?"

गर्व म्हणा. अक्षरं आणि इंजिन, दोन्ही मी माझी मीच शिकले. विहिरीवरचं डिझेल इंजिन एकटीनं खोलून जोडलंय. गावातले बाप्ये विचारायला येतात मला! बॉनेट उघडलं, कान लावला आणि निकाल दिला, "पायपात हवा धरलीया."

पाना घेऊन डिझेलचा पाइप सैल केला. लुगडं, हात, अंगण, सगळीकडं डिझेल. हवा काढली, पाइप आवळला. चावी फिरवली. पुन्हा खोकला, पुन्हा गप्प.

"आत्या, रेल्वेची येळ झाली."

"बॅटरी उतरली आसंल. तू पोरीला पाज."

शेजारचे बापू भावजी कुंपणावरून म्हणाले, "वैनी, ढकलून बघू या का?"

"ढकलायला ती काय बैलगाडी हाय?"

"बैलगाडी कवाच मिरजंला पोचली असती, वैनी."

शेवटी ढकललीच. सुरेखा आत, मी आणि भावजी मागं. गाडीला हिसका बसला, फाडकन आवाज झाला आणि सायलेन्सरमधून काहीतरी सुटून भावजींच्या नडगीवर बसलं. ते मटकन खाली. इंजिन मात्र झकास चालू.

"आवं वैनी, ह्ये काय?"

दाणे काढलेलं मक्याचं कणीस. बघताक्षणी ओळखलं मी. विहिरीचं इंजिन बंद ठेवायचं असलं की त्याच्या धुराड्यात असं कणीस ठोकायचं, म्हणजे खारी-उंदीर आत घर करत नाहीत. ही आमची रीत. लेकाची गाडी नुसती उभी असते, म्हणून तिच्यातही मीच दगडानं ठोकून बसवलं होतं. घट्ट. आणि साफ विसरले.

सुरेखानं गाडी मरणाची पळवली. आम्ही फलाटावर पोचलो तर रेल्वे निघून गेलेली.

तेवढ्यात विलासचा फोन. पोरीला बापाचा आवाज तरी ऐकू यावा म्हणून सुरेखानं स्पीकर लावला.

"गाडी सुरूच हुईना," ती एवढंच म्हणाली. माझं नाव घेतलं नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"मग आईला दावायची की येडे," विलास म्हणाला. "तिला इंजिनातलं लय कळतं."