साडूभाऊंची शून्यावी पंगत

जगात कुठलीही गोष्ट एकपासून सुरू होते, हे माझ्या साडूभाऊंना आजवर कुणीही पटवून देऊ शकलेलं नाही. माणूस मूळचा पिशोरचा, पण सिडकोत प्रोग्रामिंगचा क्लास चालवता चालवता शून्यापासून मोजण्याची सवय हाडीमाशी खिळली. त्यांचं घर तिसऱ्या गल्लीत तिसरं. पत्ता मात्र "गल्ली दोन, घर दोन" असा देणार. माझा आतेभाऊ त्या पत्त्यावर गेला, तिथल्या अनोळखी मंडळींकडे पोटभर पोहे खाल्ले आणि "तुमचे साडू लई मायाळू हायेत" असं मला कळवून मोकळा झाला.

क्लासमध्ये ते ॲरे, म्हणजे कॉम्प्युटरमधली ओळीओळीनं मांडलेली माहिती, पंगतीवरून शिकवत. "मांडवात पंगती, पंगतीत माणसं. मांडवाला लांबी विचारली तर तो पंगती किती ते सांगतोय, माणसं किती ते नाय. माणसं मोजायची तर एकेका पंगतीला येगळं विचारायचं. समद्या पंगती सारख्या नसत्यात." हे शेवटचं वाक्य ते टेबलावर डस्टर आपटून सांगत. ऐकणाऱ्यांत त्यांची एकुलती एक लेकही असे.

तिचं लग्न पिशोरला, गावच्या मांडवात झालं. आचाऱ्यानं जिलेबी किती काढू म्हणून विचारलं, तेव्हा साडूभाऊंनी मांडवाच्या तोंडाशी अंथरलेली पट्टी, म्हणजे त्यांची शून्यावी पंगत, डोळ्यांनी मोजली, तिला पंगतींच्या संख्येनं गुणलं आणि रुबाबात आकडा सांगितला. ती पट्टी दारामुळे आखूड घातली होती. मागच्या पंगती थेट चिंचेच्या झाडापर्यंत गेल्या होत्या. खुलताबादचं वऱ्हाड अर्धं वाढून झालं नाही तोच परात खरवडल्याचा आवाज यायला लागला. व्याही हात आवरून बसले. लेकीला सासरी जन्मभर ऐकून घ्यावं लागणार, हे साडूभाऊंच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं आणि मला तो चेहरा बघवेना.

मुंडावळ्या बांधलेली लेक त्यांच्या कानाशी आली. "पप्पा, शून्याव्या ओळीवरून समद्यांची लांबी धरली ना?"

"व्हय गं," साडूभाऊ पुटपुटले. "डोस्कंच ठिकाणावर नाय आज."

मग तिनंच मामाला खूण केली आणि आम्हा घरच्यांसाठी राखून ठेवलेली जिलेबी वऱ्हाडाकडे वळली. मागाहून आमची पंगत बसली, तेव्हा एकजात सगळ्या पिशोरकरांना मधुमेह झालेला होता. "गोड नको, डॉक्टरनं सांगितलंय," असं सात वर्षांचा पुतण्यासुद्धा गंभीरपणे सांगत होता. व्याही तृप्त होऊन गेले. सोबत लेकही गेली.

महिन्याभरानं मी सिडकोत गेलो. लेकीच्या खोलीत क्लासचे जास्तीचे कॉम्प्युटर ठेवावेत, असं माझी मेव्हणी म्हणत होती. साडूभाऊ ऐकेनात. "ओळ रिकामी असली तरी ओळ असतीच," ते मला म्हणाले. "लांबी शून्य, पण ओळ हाय. काढून टाकली तर मागच्या समद्यांचे नंबर हलत्यात, पाव्हणं."

मी विषय बदलायला म्हणून विचारलं, "आता येणार कधी ती?"

"पहिल्या दिवाळीला," साडूभाऊ म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं. आपण एकपासून मोजलं, हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. चिडवायची याहून चांगली संधी मला पुन्हा मिळणार नव्हती, पण ते राहूनच गेलं.