मामांनी जपलेले दात

आमचे मामा तीस वर्षं बर्फाच्या कारखान्यात लाद्या तपासतात. त्या कामाला यंत्र नाही. यंत्र म्हणजे मामांच्या दाढा. लादीचा कोपरा फोडायचा, खडा दाढेखाली धरायचा आणि कडकन चावायचा. टणक लागला तर लादी ट्रकमध्ये, भुसभुशीत लागला तर परत टाकीत. उन्हाळ्यात अशा दिवसाला शंभर लाद्या, आणि वर घसा ओला करायला गोड सोड्याच्या चार बाटल्या.

दातांच्या डॉक्टरीणबाई दर उन्हाळ्यात कानीकपाळी ओरडायच्या, "अहो, बर्फ चावू नका, दात तडकतात! सोडा प्यायल्यावर निदान साध्या पाण्यानं चूळ तरी भरा." मामा शहाण्यासारखी मान डोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कडाकड सुरू. "या माणसाशी बोलण्यापेक्षा मी लादीशी बोलेन," असं मामी म्हणायची.

व्हायचं तेच झालं. एकेक करत सगळे दात गेले. बाईंनी नवी कवळी बसवली आणि दम भरला, "या दातांना बर्फ लागता कामा नये!"

परवा मी डबा द्यायला कारखान्यात गेले, तर मामा लादीपुढे बसलेले, गालांची खोबणी झालेली आणि तोंडात बर्फाचा खडा.

"मामा, कवळी कुठंय?"

त्यांनी ऐटीत शर्टाच्या खिशावर थाप मारली. "रुमालात. बाईंचा शब्द मोडायचा नाही."

"मग बर्फ कशानं तपासता?"

"हिरड्यांनी. त्यांच्याबद्दल बाई काही बोलल्या नाहीत."