लोकायुक्तांच्या कक्षेतला ओटा

अंधेरीच्या बाजारात आई ज्या ओट्यावर मासे विकायची, तो पालिकेच्या वहीत आजीच्या नावावर, तिच्या अंगठ्यानिशी होता. सासू थकली की सून तिच्या जागी बसते, एवढाच आम्हा कोळ्यांचा कायदा. कागद बदलायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही. आजी वारली, बाजार दुरुस्तीला निघाला. नवा ओटा नावावर व्हावा म्हणून आईनं केलेला अर्ज ऑफिसात आठ महिने पडून राहिला. ओटा गेला तर आई रस्त्यावर, पाटी घेऊन.

मी घरातला पहिला वकील, सनद अजून कोरी. लोकायुक्तांकडे तक्रार ठोकली, आईच्या प्रतिज्ञापत्रासकट. एवढा कागद लिहितोच आहे तर सगळ्यांचाच समाचार घ्यावा, म्हणून बारा आरोप केले. त्यात अर्ज दाबणारं ऑफिस होतं, वितळलेला बर्फ देणारा बर्फवाला होता आणि काकाच्या दाव्यात तारखा देत बसलेले एक न्यायाधीशही होते.

उत्तर आलं. बर्फवाला खासगी माणूस, न्यायाधीश कायद्यानंच कक्षेबाहेर; अकरा आरोप गळाले. उरला फक्त रखडलेला अर्ज. सुनावणीत लोकायुक्त साहेबांनी सांगितलं की ओटा देणं त्यांच्या हातात नाही, ऑफिसच्या कारभाराची चौकशी करून ते शिफारस करतील.

"म्हणजे नुसतं सांगणार?" आई रिक्षात म्हणाली. "सांगायला मी काय कमी सांगितलं होतं?"

अर्जावर महिन्यात निर्णय घ्या, अशी शिफारस गेली. ऑफिसनं तो घेतलाही: ओटा मूळ परवानाधारकालाच मिळेल, वाटपाला स्वतः हजर राहावे. माझं डोकंच फिरलं. मी दुसरी तक्रार लिहायला घेतली. आईनं ती वाचलीसुद्धा नाही.

वाटपाच्या दिवशी कारकुनानं आजीचं नाव पुकारलं. आई उठली आणि म्हणाली, "मी."

त्यानं फाइल उघडली. या तर वारल्या ना, असं तो पुटपुटला. मागे बसलेल्या कोळणींतली सगळ्यात म्हातारी शांतपणे म्हणाली, "कोण बोलला?"

कारकुनानं माझ्याकडे पाहिलं. आजी वारल्याचं प्रतिज्ञापत्र मीच लिहिलेलं होतं. आईची मला भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर अभिमानही.

"कोण जिवंत आहे याची चौकशी तुमच्या कक्षेत येत नाही," मी म्हणालो.

त्यानं वही पुढे सरकवली. आईला सही येते. तिनं अंगठा उठवला.